पुढे नको, बाळंतीण आहे

१९८९ सालच्या मे महिन्याची अखेर. बँकेच्या नोकरीत माझी बदली तेव्हा उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसीच्या बाजूच्या एका लहानशा गावी झाली होती. शाखा म्हणजे कौलारू घराच्या पडवीत चार टेबले, एक तिजोरी आणि भिंतीवर कर्जवाटपाचा तक्ता. भोवताली डोंगर, डोंगरांच्या पायथ्याशी पोफळीच्या बागा आणि बागांच्या वर दाट जंगल. पावसाळ्याआधी कर्जदारांच्या बागा पाहून अहवाल पाठवायचे, हे माझे त्या दिवसांतले काम.

अशाच एका पाहणीला गेलो होतो. बागायतदार सत्तरीकडे झुकलेले. शिरसीच्या बाजारात निम्मे आयुष्य गेल्यामुळे मराठी चांगले बोलत. बाग पाहून झाली, आडे मोजून झाली. त्यांच्या बागेला लागून टेकडीवर पाल्याचे रान होते. त्या भागात पोफळीला खत म्हणून झाडांचा पाला घालतात आणि त्यासाठी प्रत्येक बागायतदाराकडे रानाचा एकेक तुकडा पूर्वापार असतो. तो तुकडाही तारणाच्या कागदांत नमूद होता, म्हणून मी म्हटले, वर जाऊन पाहून घेऊ. बांबूच्या बेटापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच म्हाताऱ्याने माझा दंड धरला.

''पुढे नको, साहेब. बाळंतीण आहे.''

मला काही उमगेना. त्यांनी बोट दाखवले तिथे, पंधरावीस पावलांवर, सुकलेल्या पानांचा एक ढीग होता. शेणाची पाटी उपडी घालावी तसा. पाला गोळा करणाऱ्या बायकांनी रचून ठेवला असावा, असे मला वाटले. मग त्या ढिगावरचा काही भाग किंचित हलला आणि माझ्या लक्षात आले, की तिथे मनगटाएवढ्या जाडीची वेटोळी आहेत. नागराजाची मादी आपल्या घरट्यावर बसली होती.

आम्ही आलो तसे पावलापावलाने मागे सरलो. घरी आल्यावर काकूंनी कोकमाचे सरबत दिले. माझा हात थरथरत होता हे त्यांनी पाहिले असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. म्हाताऱ्याने मात्र सहज सांगून टाकले, की यंदा त्या बाजूचा पाला आणणार नाही, पाऊस लागून पिल्ले बाहेर पडली की मग बघू. ''नुकसान होईल ना?'' मी बँकवाल्याच्या सवयीने विचारले. ''होईल थोडे,'' ते म्हणाले, ''पण ती काय दरवर्षी इथेच येते का?''

अहवालाच्या छापील नमुन्यात या खर्चासाठी रकाना नव्हता. मी तो नमूद केला नाही. परंतु ते वाक्य माझ्याबरोबर राहिले. बँकेतून निवृत्त झालो, कादंबऱ्या लिहिल्या, नातवंडे झाली. अजून कुणी सापाचा विषय काढला, की आधी मला तो ''बाळंतीण'' शब्द आठवतो.

सापांच्या बाबतीत माझे स्वतःचे खाते काही निर्मळ नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. त्याआधी कोकणातल्या एका शाखेत असताना जुन्या दप्तराच्या खोलीत साप निघाला. मीच आरडाओरडा केला. शिपायाने काठीने तो ठेचला. बाहेर आणून टाकल्यावर गावातल्या एका जाणत्या माणसाने सांगितले, की ही धामण होती, उंदरांच्या मागावर आलेली. पुढच्या वर्षभरात उंदरांनी तीन खतावण्यांच्या बांधण्या कुरतडल्या. हिशेबतपासनिसाला त्याचे उत्तर देताना माझी जी तारांबळ उडाली, ती त्या धामणीने वसूल केलेली व्याजाची रक्कम होती, असे मी मानतो.

तर नागराज. आपल्याकडे नाग आणि नागराज यांची गल्लत नेहमी होते. नागपंचमीला ज्याची पूजा होते, गारुड्याच्या टोपलीत ज्याला आपण लहानपणी पाहिले, तो दहाचा आकडा फण्यावर मिरवणारा साप म्हणजे नाग. नागराज त्याचा मोठा भाऊ नव्हे. शास्त्रज्ञांनी त्याची प्रजातीच वेगळी मानली आहे. त्याच्या फण्यावर आकडा नसतो, फणा अरुंद आणि लांबट असतो आणि डोक्याच्या मागच्या बाजूला खवल्यांची एक मोठी जोडी असते, जी नागाला नसते. जगातल्या विषारी सापांत त्याच्याइतका लांब दुसरा नाही. १९३७ साली मलायात पकडलेला एक नागराज लंडनच्या प्राणिसंग्रहालयात वाढता वाढता ५.७१ मीटरचा झाला. म्हणजे जवळजवळ पावणेएकोणीस फूट. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, तेव्हा बाँब पडून पिंजरे फुटले तर काय, या भीतीने तिथले विषारी साप मारून टाकण्यात आले. माणसांच्या युद्धात बळी गेलेल्यांच्या यादीत नागराजाचेही नाव आहे, ते असे.

त्याचे शास्त्रीय नाव 'ओफिओफॅगस'. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'साप खाणारा'. हा साप मुख्यतः इतर सापांवर जगतो. धामण त्याच्या विशेष आवडीची. शिवाय नाग, चापडे, प्रसंगी घोरपड आणि वेळ पडली तर दुसरा नागराजसुद्धा. सुपारीच्या किंवा भाताच्या गावात उंदीर असतात, उंदरांसाठी धामण येते, धामणीसाठी नागराज येतो. घराच्या पडवीत नागराज दिसला, की आपण दचकून विचारतो, हा इथे कशाला आला? तो आपल्यासाठी आलेला नसतो. आपल्या कोठारातल्या धान्यापासून सुरू झालेल्या एका लांबलचक साखळीची ती शेवटची कडी असते. त्याला लागते ते घनदाट सावलीचे, ओलसर जंगल, जवळपास ओढा आणि भरपूर साप. ज्या रानात नागराज टिकून आहे त्या रानात बाकीचेही पुष्कळ काही टिकून आहे, असे खुशाल समजावे. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर तो त्या रानाचा पतदाखला आहे.

परंतु त्याची खरी नवलाई त्याच्या विषात किंवा लांबीत नाही. ती मी बांबूच्या बेटाखाली पाहिली त्या ढिगात आहे. साप अंडी घालतात आणि बहुतेक निघून जातात. काही अजगरिणी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसतात. पण पाने गोळा करून, रचून, खरोखरीचे घरटे बांधणारा साप नागराज हा एकच. हात नाहीत, पाय नाहीत, चोच नाही. मादी आपल्या शरीराची कमान करते आणि त्या कमानीने सुकलेली पाने ओढून आणते. अशी ओढत, दाबत, आत शिरून फिरत ती ढीग उभा करते. आत वीसपासून चाळीसपर्यंत, कधी त्याहून जास्त अंडी. वरून पुन्हा पाने. ही पाने ती इतकी घट्ट बसवते, की मलनाडातला धो धो पाऊस वरच्यावर निथळून जातो आणि आतली अंडी कोरडी राहतात. कुजणाऱ्या पानांची ऊब आत धरून ठेवली जाते आणि तापमान २८ अंशांच्या आसपास टिकून राहते.

पश्चिम घाटात नागराजांचे मीलन उन्हाळ्यात होते. नर मादीच्या मागावर मैलोन्‌मैल जातात, दोन नर समोरासमोर आले तर कुस्ती होते. एकमेकांना पीळ घालून, दुसऱ्याचे डोके जमिनीला टेकवायचे, चावायचे नाही. एवढे नियम पाळणारा पहिलवान पाहून कौतुक वाटते. पण त्याच नराने आधीच दुसऱ्या नराकडून गर्भवती झालेल्या मादीला मारून गिळल्याचेही अभ्यासकांनी पाहिले आहे. निसर्गाकडून बोधकथा काढायला निघालेल्या माणसाने इथे थोडे थांबावे. तिथले हिशेब आपल्या नीतीच्या वह्यांत बसत नाहीत.

पावसाच्या तोंडावर घरटे तयार होते. पिल्ले बाहेर पडायला अडीच-तीन महिने लागतात. त्या काळात मादी घरट्यावर किंवा त्याच्या आसपास असते, बहुधा काहीही न खाता. अंडी फुटायच्या सुमारास ती घरटे सोडून निघून जाते. सापखाऊ आईच्या पोटी जन्म घेतलेल्या पिल्लांसाठी हे बरेच म्हणायचे! काळ्या अंगावर फिकट पट्टे असलेली, हातभर लांबीची ही पिल्ले पहिल्या दिवसापासून विष बाळगून असतात आणि पहिल्या दिवसापासून एकटी असतात. मुंगसापासून मोठ्या सापांपर्यंत सगळे त्यांच्या वाटेवर बसलेले. तीस पिल्लांपैकी मोठी होणारी मोजकीच.

हे सगळे आपल्याला कळले, ते ज्या गावामुळे, ते गाव तुम्ही पाहिले आहे. आगुंबे हे नाव ओळखीचे वाटणार नाही. पण दूरदर्शनवर आपण सर्वांनी घरोघर बसून पाहिलेली 'मालगुडी डेज' आठवते? आर. के. नारायण यांच्या कथांवरची ती मालिका शंकर नाग यांनी ज्या गावात चित्रित केली, ते शिमोगा जिल्ह्यातले आगुंबे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७१ मध्ये या परिसरात जंगलातला नागराज पहिल्यांदा पाहिला आणि पुढे २००५ मध्ये तिथेच वर्षावन संशोधन केंद्र उभारले. २००८ पासून तिथे एक विलक्षण काम सुरू झाले. पकडलेल्या नागराजाला भूल देऊन त्याच्या शरीरात छोटे रेडिओ प्रक्षेपक बसवायचे, त्याला सोडायचे आणि मग हातात अँटेना घेऊन तरुण अभ्यासकांनी दिवसेंदिवस, भर पावसात, जळवा अंगावर घेत त्याच्या मागे चालायचे. तो कधी निघतो, काय खातो, कुठे निजतो, याची नोंदवही ठेवायची. तिथल्या गावकऱ्यांची या कामाला मोठी मदत झाली, कारण त्या भागात नागराजाला मारीत नाहीत. त्याला देव मानतात.

२०२४ मध्ये या कहाणीत आणखी एक पान जोडले गेले. १८३६ साली थिओडोर कँटर या डॅनिश डॉक्टरने बंगालमधल्या नमुन्यांवरून नागराजाचे वर्णन केले, तेव्हापासून भारतापासून फिलिपाइन्सपर्यंतचा सगळा नागराज एकच मानला जात होता. इंद्रनील दास, पी. गौरी शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खवले, पट्टे आणि जनुके तपासून दाखवले, की या एका नावाखाली चार वेगवेगळ्या जाती आहेत. आपल्या पश्चिम घाटातला नागराज ही त्यातली एक आणि ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिच्या अंगावरचे फिकट पट्टे चाळीस किंवा त्याहून कमी असतात. तिला नाव दिले 'ओफिओफॅगस काळिंगा'. कानडी माणूस तिला पिढ्यान्‌पिढ्या 'काळिंग' म्हणत आला आहे, तेच नाव शास्त्रात गेले. कालियामर्दनाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या कानांनाही ते परके वाटू नये.

यात आपल्या घरचा प्रश्न येतो. हा काळिंग गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानांत आहे आणि आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग-तिळारीच्या जंगलातही आहे. त्याच्या राज्याची उत्तरेकडची वेस आपल्या अंगणातून जाते. काल-परवापर्यंत वाटत होते, की इथला नागराज गेला तरी आसामात आहे, थायलंडात आहे. आता कळले, की इथला गेला तर तो संपलाच. ठेव एकाच शाखेत आहे आणि त्या शाखेतून आपण रोज थोडी थोडी रक्कम काढीत आहोत. डोंगरच्या डोंगर उघडे करून रबर लावले जाते आहे, काजूसाठी राने साफ होताहेत, रस्ते रुंद होताहेत. रबराच्या बागेत झाडे असतात, पण तिथे पानांचा थर नसतो, बांबूचे बेट नसते, बेडूक नसतात, म्हणून साप नसतात.

रानाच्या तोडीबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मला आज जे सांगायचे आहे, ते आपल्या चांगुलपणाबद्दल. तीनेक वर्षांपूर्वी मी पुन्हा त्या बागायतदाराच्या घरी गेलो. म्हातारा-म्हातारी कधीच गेली. नातू बाग पाहतो, पाहुण्यांसाठी दोन खोल्याही काढल्या आहेत. मी बाळंतिणीची गोष्ट सांगितली, तेव्हा तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, ''काका, गेल्या वर्षी आमच्याकडे निघाला होता. विहिरीजवळ. पाहुणे घाबरले, म्हणून फोन केला.'' अर्ध्या तासात साप पकडणारा आला. त्याच्या मागे तीस-चाळीस माणसे. शेपटी धरून त्या सापाला अर्धा तास अंगणात नाचवला, तो फणा काढून उभा राहिला तशी सगळ्यांनी मोबाइलवर चित्रे घेतली. मग पिशवीत घालून तीस किलोमीटरवरच्या जंगलात नेऊन सोडला. साप वाचला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नातू म्हणाला, ''आजोबांनी असे केले नसते. पण मारला तर नाही ना आम्ही?''

त्याला मी काय उत्तर देणार? धामण मारणाऱ्या माझ्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा. मारण्यापेक्षा पकडून सोडणे केव्हाही चांगले आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्याकडच्या सर्पमित्रांनी जीव धोक्यात घालून लोकांच्या हातातली काठी खाली आणली, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु आगुंब्याच्या नोंदवहीत आणखी एक गोष्ट आहे. दूर नेऊन सोडलेल्या नागराजावर तिथे पाळत ठेवली, तेव्हा तो आपल्या जागी राहणाऱ्या नागराजापेक्षा कितीतरी जास्त भटकताना आढळला. त्याला तिथल्या वाटा ठाऊक नसतात, बिळे ठाऊक नसतात, धामणी कुठे मिळतात ते ठाऊक नसते. बदलीच्या गावी पहिल्या महिन्यात मी चहाची टपरी शोधत फिरत असे, ते मला आठवते. फरक इतकाच, की मला रस्ता विचारता येत होता. भटकणारा साप रस्ते ओलांडतो, नव्या माणसांच्या अंगणात जातो आणि त्या अंगणात नागराजाला देव मानणारे कुणी असेलच असे नाही. ज्या मादीला घरट्याजवळून उचलले, तिची अंडी तर मागेच राहिली.

याच्या विरुद्ध बाजूही आहे आणि ती कच्ची नाही. घरात लहान मूल आहे, अंगणात बारा फुटांचा नागराज आहे. 'असू दे' हे शहरात बसून लिहायला काय जाते? त्याच्या दंशात विषाचे प्रमाण मोठे असते, श्वास बंद पडतो आणि आपल्याकडची नेहमीची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून बनते. नागराजाच्या विषावर तिचा भरवसा नाही. थायलंडमध्ये त्याच्यासाठी वेगळी लस तयार होते. हे सगळे खरे. पण त्याबरोबर दुसरा आकडाही समोर ठेवावा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आपल्या देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात. हा आकडा छाती दडपवणारा आहे. त्यात नागराजाचा वाटा नगण्य. त्याचे दंश इतके क्वचित होतात, की एकेकाची स्वतंत्र नोंद घेतली जाते. आणि त्या मोजक्या दंशांतही साप हाताळायला गेलेलेच अनेकदा असतात. चार हात लांब राहणाऱ्याला तो चावत नाही. आधी तो निघून जायला बघतो. वाट मिळाली नाही तर शरीराचा तिसरा हिस्सा उचलून उभा राहतो आणि कुत्र्याने दबक्या आवाजात गुरगुरावे तसा खोल आवाज काढतो. इतक्या स्पष्ट शब्दांत नोटीस देणारा प्राणी विरळाच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. नागराज रानाच्या कडेला, बागेत, ओढ्याकाठी दिसला, तर फोन करू नये. मुलांना, कुत्र्यांना आत घ्यावे आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. बहुतेक वेळा तासाभरात तो आपला आपण जातो. घरात शिरला, विहिरीत पडला, तर वनखात्याला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. वाटेल त्याने त्याला हात लावायचा नाही. पकडलाच, तर खेळ न करता, लगेच आणि जवळच्यात जवळ रानात सोडावा, जिथे त्याच्या ओळखीची बिळे आहेत. घरटे दिसले, तर काही आठवडे ती वाट सोडावी. आणि सापाला हातात धरून, चुंबन घेऊन काढलेली चित्रे जेव्हा मोबाइलवर येतात, तेव्हा ती पुढे पाठवू नयेत. त्या टाळ्यांवरच तो खेळ चालतो. हे करण्यासाठी पैसे लागत नाहीत. थोडे धैर्य लागते आणि शेजाऱ्याला शेजारी मानण्याची सवय लागते.

ती सवय त्या म्हाताऱ्याला कुठल्याही संशोधन केंद्राने लावली नव्हती. त्याने साप म्हटले नाही, देव म्हटले नाही, बाळंतीण म्हटले. बाळंतिणीच्या खोलीत कुणी डोकावत नाही, तिच्या दाराशी गलका करीत नाही, तिला उचलून परगावी ठेवत नाही. एवढे नियम आपल्या प्रत्येक घराला पाठ आहेत. ते फक्त कुंपणापलीकडे लावायचे होते आणि त्यासाठी त्या वर्षी त्याने पाल्याचे काही भारे सोडून दिले.

परत निघताना नातू मला टेकडीपर्यंत सोडायला आला. बांबूचे बेट अजून तिथे आहे, फक्त थोडे विरळ झाले आहे. मी ती जागा दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग खाली बागेकडे वळून त्याने पाला गोळा करणाऱ्या बायकांना कानडीत काहीतरी ओरडून सांगितले. मी अर्थ विचारला.

''मेपासून या बाजूला येऊ नका, म्हणालो,'' तो म्हणाला. ''आली तर असावी जागा.''